घोड्यांचा डॉक्टर

धुळे, ४ मे १९७३
पासपोर्ट आले. नानांनी आधी माझा उघडला, मग स्वतःचा. म्हणाले, "फोटोत घाबरलेली दिसतेस." होतेच घाबरलेली. सासऱ्यांबरोबर विलायतेला निघालेली सून अख्ख्या धुळ्यात दुसरी नसेल.

अ. ना तिकडे जाऊन चार वर्षं होतील. (वहीत तरी नवऱ्याचं नाव पूर्ण लिहावं, पण हात धजत नाही. अ. च राहू दे.) आयर्लंडमध्ये जनावरांच्या डॉक्टरीचं पुढचं शिक्षण, की लगेच परत, असं ठरलं होतं. मग पत्र आलं, घोड्यांच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. त्यानंतर पत्रं आखूड होत गेली. दिवाळीच्या पत्रात नुसतं हवामान.

तिकिटांसाठी नानांनी देवपूरचा प्लॉट विकला. अक्कांना विचारलंसुद्धा नाही. अक्का माझ्या सासूबाई, पण या घरात त्यांना काही विचारायची पद्धत नाही.

९ मे
टँकर आला नाही. शेजारच्यांच्या आडाला चिखल लागलाय. अक्का तशातही ज्वारीचे बिबडे वाळायला घालत बसल्या, अ. ना आवडतात म्हणून. मी म्हटलं, पाणी कशाला वाया घालवता. "मना आंडोर चार वरीस उपाशी शे," म्हणाल्या. मुलाचं निघालं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

नाना वकील. कोर्टात शुद्ध बोलतात, अक्कांशी अहिराणी. माझ्याशी शुद्धच. म्हणजे मी अजून कोर्टातच.

जळगाव, १४ मे
माहेरी दोन दिवस. आईने दार लावून विचारलं, "मडम ठेवली असेल तर?"
"तर काय?"
"तर तोंडावर विचार. रडू नकोस. रडलीस की पुरुषांना सुटल्यासारखं होतं."

मडम असेल असं मला का वाटत नाही कोण जाणे. पहूरचं वर्ष आठवतं. लग्न झालं तेव्हा अ. पहूरच्या गुरांच्या दवाखान्यात होते. सकाळी उठायचे आणि खाटेच्या कडेवर बसून राहायचे. चहा गार व्हायचा. काय होतंय विचारलं की "काही नाही." लोक बैल घेऊन दारात उभे. ते कधी कुणावर ओरडले नाहीत, माझ्यावरही नाही. पण हसले तरी कधी? मला आठवत नाही.

धुळे, २६ मे
माझ्या शाळेच्या हेडबाईंनी रजा दिली, तोंड वाकडं करून. शाळा उघडताना मी नसणार. "परत येणार आहात ना?" म्हणाल्या. हो म्हटलं. मग घरी येताना वाटलं, नवऱ्याकडे चाललेली बाई, हिला लोक परत येणार का असं विचारतात, आणि ती हो म्हणते.

६ जून, मुंबई
उद्या विमान. नानांनी काळी टोपी नवी घेतली. मला म्हणाले, "हे बघ, मी त्याला घेऊन येणार. तू फक्त बरोबर राहा." साक्षीदाराला सांगावं तसं.

९ जून, आयर्लंड
पोचलो. लंडनला विमान बदललं, तिथे नाना पहिल्यांदाच थकलेले दिसले. डब्लिनला अ. घ्यायला आले होते, कुणाची तरी व्हॅन मागून. बारीक झालेत, पण खांदे रुंद. चेहरा तांबूस. हात खरबरीत. नानांच्या पाया पडले. माझ्याकडे बघून, "प्रवास झाला ना नीट?" आणि माझी ट्रंक एका हाताने उचलली. पहूरला पाण्याची बादली उचलताना दमायचे.

वाटेत दोन्हीकडे गवत. नाना काचेला डोकं लावून बघत होते. आमच्याकडे गुरं छावणीत उभी आहेत, माणसं कडबा मोजून घेतात. नाना म्हणाले, "एवढं गवत न खाल्लेलं मी जन्मात पाहिलं नाही." इतकं हिरवं बघून माझेही डोळे दुखायला लागले.

१० जून
अ. मिसेस नोलन म्हणून एका विधवा बाईंच्या घरी राहतात. एकच खोली, मागच्या अंगणात उघडणारी. एक खाट, एक खुर्ची, दाराशी चिखलाचे बूट. मडमेची काही खूण नाही. मुंडाशासारखं गाठी मारलेलं एक फडकं खिळ्याला, त्याला घोड्याचा वास. सगळ्या खोलीलाच तो वास.

नानांना आणि मला बाईंनी घरातल्या दोन खोल्या दिल्यात. अ. पहाटेच जातात, दुपारी येऊन झोपतात, पुन्हा जातात. "दवाखान्याची वेळ अशीच असते," म्हणाले. नाना म्हणाले, "दवाखाना बघायला कधी येऊ?" "परक्या माणसाला आत सोडत नाहीत, नाना."

अ. ना बिबडे भाजून दिले. उभ्या उभ्या खाल्ले, पाठ करून. डोळे पुसत होते की काय, कळलं नाही.

१३ जून
इथून जवळच शर्यतीचं मैदान. नाव लिहितात लांबलचक, म्हणतात नुसतं 'करा'. मिसेस नोलन चहा घेताना सांगत होत्या. राजेरजवाड्यांच्याही आधीपासून इथे घोडे पळतात, जुन्या भाषेत नावाचा अर्थच म्हणे पळायची जागा. मैदान कुणाच्या बापाचं नाही, मेंढ्या चरतात. एका साध्वीने राजाकडे जमीन मागितली. राजा चेष्टेने म्हणाला, तुझ्या शालीखाली मावेल तेवढी घे. तिने शाल टाकली ती पसरतच गेली, मैदानभर.

बाईंचे इंग्रजी उच्चार नानांना कळत नाहीत. मी मराठीत सांगितलं तसं नाना म्हणाले, "हा तर वामन. पण आमचा बळी पाताळात गेला." ते मी इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या. "आमचा राजा कुठे गेला नाही. हात चोळत बसला."

नाना आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मग बाई म्हणाल्या, शनिवारी शर्यती आहेत, मी तुम्हाला माझ्या गाडीतून नेते, ऑरविनही तिथेच असेल. (अ. ना त्या असं म्हणतात.) अ. चा चेहरा उतरला. "पाऊस असतो. नानांना झेपायचं नाही. पुढच्या वेळी बघू." नाना म्हणाले, "मी मुलाचं काम बघायला आलोय. घोड्यांचा डॉक्टर मैदानात काय करतो ते बघू दे की." अ. म्हणाले, "मला तुमच्याजवळ थांबता येणार नाही. शर्यतीआधी तपासणी असते." "थांबू नकोस. लांबून बघू."

मी अ. कडे बघत होते. काहीतरी आहे. पण काय ते...

१६ जून, शनिवार
लिहिते. जसं झालं तसं.

बाईंनी आम्हाला गाडीतून नेलं. मैदान म्हणजे नजर जाईल तिथवर गवत, वरखाली लाटांसारखं. एका कडेला पांढरा कठडा आणि लोक बसायचा उंच मांडव. इथल्या शर्यतीत उड्या नाहीत, कुंपणं नाहीत. सपाट गवतावर सरळ पळायचं, बस. नाना टोपी, कोट, हातात छत्री. लोक वळून बघत होते, पण अदबीने. माझ्या पातळाकडेही. एका म्हाताऱ्याने टोपी काढून नानांना नमस्कार केला. नानांनीही केला. खूश होते.

शर्यतीआधी घोडे एका गोल रिंगणात फिरवतात. लोक कठड्याला टेकून बघतात. बाई आम्हाला अगदी पुढे घेऊन गेल्या. एकेक घोडा येत होता, प्रत्येकाबरोबर लगाम धरून चालणारा एक माणूस. मग बाईंनी माझा दंड धरला. "बघा, तो बघा तुमचा! ती घोडी कालपर्यंत कुणाला जवळ येऊ देत नव्हती. त्याने कशी शांत ठेवलीय."

तपकिरी घोडी. तिच्या डोक्याशी अ. अंगात बाकीच्या माणसांसारखाच कोट, दंडाला आकडा बांधलेला. अ. घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत चालले होते. मधे उभ्या असलेल्या एका गोऱ्याने बोट वर करून खूण केली, अ. लगेच थांबले. त्याने काही सांगितलं, अ. नी मान हलवली. वाकून घोडीचा पाय पुसला. त्याने पुन्हा खूण केली, पुन्हा चालू लागले.

मी नानांकडे बघितलंच नाही. ते शुद्धच बोलले, हळू. "मोतद्दार."

बाईंना वाटलं, काहीतरी कौतुक केलं. त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला.

अ. जवळून गेले तेव्हा त्यांनी आम्हाला पाहिलं. चेहरा एकदम पांढरा. घोडीने मान झटकली, तसे तिच्याकडे वळले. पुन्हा पुटपुटायला लागले. मला ऐकू आलं. अहिराणीत बोलत होते तिच्याशी. "ऱ्हाय वं माय, ऱ्हाय."

शर्यत मी बघितली म्हणण्यात अर्थ नाही. लांब एक रंगीत ठिपक्यांची रांग, मग पायाखालची जमीन हादरायला लागली, मग समोरून नुसता आवाज आणि चिखल आणि संपलं. अ. ची घोडी मागे पडली. लोक पैजेचे कागद फाडत होते.

आम्ही तबेल्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. अ. घोडीवर बादलीने पाणी घालत होते, अंगातून वाफ निघत होती. आम्हाला बघून म्हणाले, "नाना, हिला फिरवून सुकवायची आहे. सोडून येता येत नाही." नाना उभे राहिले. पाऊस आला, तरी छत्री उघडली नाही. अ. घोडीला घेऊन फेऱ्या मारत राहिले आणि आम्ही बघत राहिलो. मी छत्री घेऊन उघडली, नानांच्या डोक्यावर धरली.

मग चहाच्या तंबूत. बाईंना काहीतरी कळलं असावं, त्या दुसरीकडे जाऊन बसल्या.

नाना : किती दिवसांपासून?
अ. : तीन वर्षं.
नाना : आणि परीक्षा?
अ. : दोनदा बसलो. झालो नाही. ती झाल्याशिवाय इथे डॉक्टरकी करू देत नाहीत.
नाना : पत्रात दवाखाना लिहीत होतास.
अ. : दवाखाना नाही असं लिहवेना.
नाना : परत यायचं. त्यात काय. नापास झालेला मुलगा परत येतो.
अ. चहा ढवळत राहिले.
नाना : मी कलेक्टरांशी बोललोय. धुळ्यात जागा मिळेल. पहूरला जायची गरज नाही.
अ. : नाना, पहूर वाईट नव्हतं. मला तिथे सकाळी उठवत नव्हतं. इथे उठवतं.

नानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ती ओली होती. मी पहिल्यांदाच त्यांना उघड्या डोक्याने बाहेर बसलेलं बघितलं. म्हणाले, "मी तुझ्या नावाची पाटी करून ठेवलीय रे."

१७ जून
नाना खोलीतून बाहेर आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. मिसेस नोलननी सूप नेऊन दिलं, तसंच परत आलं. त्या मला विचारत होत्या, माझं काही चुकलं का? मी नाही म्हटलं. कसं सांगू त्यांना? त्यांच्या दृष्टीने ऑरविन चांगलं काम करतो, चांगला मुलगा आहे, त्याच्या वडिलांनी खूश व्हायला हवं.

मला राग कशाचा येतोय? चार वर्षं मी धुळ्यात डॉक्टरीणबाई. बायका त्यांच्या पोरांच्या खोकल्याचं औषध विचारायच्या मला, मी म्हणायचे, अहो ते घोड्यांचे. सगळ्या हसायच्या. मी पण.

१९ जून
पहाटे अ. बरोबर गेले. मीच म्हटलं, येते. नाना उठले नव्हते.

मैदानावर धुकं. मेंढ्या दिसत नाहीत, नुसत्या खोकल्यासारख्या ओरडतात. अ. घोडीवर बसून आले. हे मला माहीतच नव्हतं, की ते बसतात. वीस-एक घोडे एकामागे एक. मग दोघादोघांनी धुक्यात शिरले आणि पळाले. अ. परत आले तेव्हा तोंडावर चिखल, आणि हसत होते. माझ्याकडे बघून नाही. आपोआप.

मी या माणसाला ओळखत नाही. लग्न झालं तो दुसराच कुणी होता, खाटेच्या कडेवर बसणारा. त्याची मी वाट बघत होते. तो आता कुठेच नाही. हा आहे, हा बरा आहे, आणि याला बरा करण्यात माझा काही हात नाही.

चालत येताना अ. म्हणाले, "तू राहा असं म्हणायचा मला हक्क नाही."
"मग म्हणू नका," मी म्हटलं.
मी असं का बोलले? त्यांनी म्हणावं असं वाटत होतं म्हणून, की म्हणू नये म्हणून?

२२ जून
नाना बोलले. माझ्याशी, अ. शी नाही. "धुळ्यात काय सांगायचं ते मी सांगेन. तू मधे बोलायचं नाहीस." मी म्हटलं, "आणि अक्कांना?" म्हणाले, "तिला काय कळतं."

दुपारी बाई मला बाजारात घेऊन गेल्या. म्हणाल्या, इथल्या शाळेत स्वयंपाकघरात बाई हवी आहे, सुरुवातीला तेवढं, पुढे बघता येईल. म्हणजे अ. त्यांच्याशी बोलले. माझ्याशी बोलायला जमलं नाही. त्यांच्याशी बोलले.

मी आठवीला भूगोल शिकवते. तिथे भांडी.
पण अ. एम्.ए.च्या तोडीचं शिकून घोड्यांची लीद काढतात आणि हसतात.

२५ जून
उद्या निघायचं. तिकीट दोघांचंच परतीचं होतं, तेच राहिलं. कुणी बदलायचं म्हटलं नाही. अ. नी संध्याकाळी भाकरी मागितली. ज्वारी कुठली, मक्याच्या पिठाची केली, तुटली. तरी खाल्ली. मग म्हणाले, "मालती, मी वाईट माणूस नाही." मी म्हटलं, "ते मला माहीत आहे. त्याने काही सोपं होत नाही."

खूप वेळ माझा हात धरून बसले होते. त्यांचा हात दगडासारखा. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही नवराबायकोसारखे...

२६ जून
विमानतळावर नानांनी अ. च्या डोक्यावर हात ठेवला. अ. माझ्याकडे वळले. "पत्र लिहीन. खरं लिहीन." विमानात नाना सगळा वेळ जागे. मी झोपेचं सोंग घेतलं.

धुळे, १ जुलै
माणसांची रीघ. नाना बैठकीत सांगताहेत, मी आतून ऐकते. "केवढं मैदान! राजांच्या आधीपासूनचं. आमच्या चिरंजिवांच्या हाताशिवाय घोडा पुढे जात नाही." खोटं एक अक्षर नाही. वकील आहेत.

एकाने विचारलं, "मग सूनबाईंना ठेवून नाही आलात?" नाना म्हणाले, "घराचं बघून नेणार तो. सध्या क्वार्टर लहान आहे."

८ जुलै
परवा शाळा सुरू केली. मुलींनी आयर्लंड नकाशात दाखवा म्हणून हट्ट धरला. दाखवलं. एकीने विचारलं, तिथे काय पिकतं. म्हटलं, गवत. सगळ्या हसल्या. गेल्या वर्षी त्यांच्या घरी गवतही नव्हतं.

१५ जुलै
काल अ. चं पत्र आलं. लांब. खरं लिहिलंय. पगार, खोली, पाऊस, घोडीने परवा लाथ मारली, बरगडी दुखते. शेवटी एकच ओळ माझ्याबद्दल. "तू आलीस तर मी वेगळी दोन खोल्यांची जागा घेईन, नाही आलीस तर समजेन, रागावणार नाही."

रागावणार नाही. म्हणजे मला सोडलं की बोलावलं?

नानांनी पत्र मागितलं नाही. आधी सगळी पत्रं तेच फोडायचे. हे माझ्या हातात तसंच दिलं आणि आत गेले. हल्ली बार रूममध्ये बसत नाहीत, कोर्ट सुटलं की सरळ घरी. कुणी अ. चं विचारलं तर आता एका वाक्यात संपवतात.

१८ जुलै
जळगावहून आई आली होती. तिला सांगितलं. म्हणाली, "मडम असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं."

२२ जुलै
रविवार. नाना पारोळ्याला एका लग्नाच्या बोलणीला गेलेत. घरात अक्का आणि मी. मेथी निवडत होतो. अक्कांनी मान वर न करता विचारलं, "तठे तू काय दखं? माले बठ्ठं सांग. त्येस्नी सांगं ते नको."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, नाना सांगतात ते सगळं नाही. किती दिवसांपासून कोण जाणे.

सांगितलं. परीक्षा, तबेला, बादली, रिंगण, तो गोरा बोट वर करून खूण करतो ते. चहाच्या तंबूतलं सगळं. अक्का निवडतच राहिल्या. मला वाटलं, रडतील. नाही रडल्या.

"जेवस का बराबर?"
"जेवतात."
"झोपस?"
"झोपतात. लगेच."
"हासस का?"
मी धुक्यातली सकाळ सांगितली. घोडीवर बसून आले, तोंडभर चिखल, आणि हसत होते.

अक्कांनी हातातली जुडी खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं, या घरात आल्यापासून इतकं सरळ त्यांनी कधी बघितलं नसेल. रागाने नाही. खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"मंग तू तठे का बरं नही राहिनी?"

मी नोकरी म्हणणार होते. नाना म्हणणार होते. अ. नी राहा म्हटलं नाही, हेही म्हणणार होते. अक्का थांबल्या होत्या. मी पुन्हा मेथी ओढली आणि निवडायला लागले.